रे रोडचं दृश्य दोन मितींत मावत नाही

मॅनिफोल्ड लर्निंगचे कैवारी सांगतात, चित्रात पिक्सेल हजारो असले तरी बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात. म्हणून सगळी चित्रं एका गुळगुळीत, थोड्या मितींच्या पृष्ठभागावर बसतात. तो पृष्ठभाग हाती लागला की संगणकाला जग दिसलंच म्हणून समजा!

दाव्याला आधार आहे. 2000 साली ‘सायन्स’मध्ये टेनेनबॉम, डी सिल्वा आणि लँगफर्ड यांनी आयसोमॅप ही पद्धत मांडली. एका चेहऱ्याची 698 चित्रं, प्रत्येकात 4096 पिक्सेल. त्यातून तिने तीनच गोष्टी हुडकल्या: मानेचं डावं-उजवं वळणं, वर-खाली होणं आणि उजेडाची दिशा.

पण तो चेहरा संगणकाने घडवलेला होता. मागे गर्दी नाही, मध्ये आडवं येणारं काही नाही. आता कॅमेरा मुंबईच्या रे रोडला लावून पाहावा. दारूखान्यात जहाज तोडून निघालेला लोखंडी पत्रा ट्रकवर चढलाय. कड सरळ, धारदार, मागे मोकळं आभाळ. ट्रक हलतो. दोन चित्रांतलं अंतर पिक्सेलवार मोजलं, तर ते सरकण्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं: पत्रा चौपट सरकला, तर अंतर दुप्पटच. सरकणं जितकं बारीक, तितकी त्या मानाने उडी मोठी. चित्रांनी आखलेल्या अशा वक्राला स्पर्शरेषा काढताच येत नाही. गुळगुळीतपणाचा दावा इथेच कोसळतो, आणि डोनोहो व ग्राइम्स यांनी 2005 साली हे गणिताने दाखवून दिलं. शिवाय पत्रा स्वतःच्या लांबीपलीकडे गेला की अंतर वाढायचंच थांबतं. पन्नास फूट काय नि पाचशे फूट काय, सारखंच.

त्यात हार्बरची लोकल आडवी येते. डब्यांनी भरलेल्या सगळ्या फ्रेम एकमेकींच्या शेजारी जाऊन बसतात, मागे ट्रक असो वा नसो. चित्रांचा नकाशा आखताना आयसोमॅपची सगळी भिस्त शेजाऱ्यांवर. असे थोडे खोटे शेजारी अख्खा नकाशा वाकडा करायला पुरतात.

पण म्हणून ही विद्याच टाकाऊ ठरवणारेही चुकतात. खऱ्या जगाच्या छायाचित्रांतले 3 गुणिले 3 पिक्सेलचे ठळक तुकडे घेतले, तर ते दोनच मितींच्या एका पृष्ठभागाभोवती दाटलेले असतात, हे कार्लसन आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवलं. तो पृष्ठभाग म्हणजे क्लाइन बाटली, जिला आत-बाहेर असा भेदच नाही. पत्र्याची कड कुठल्याही कोनात असो, तिथे तिची जागा ठरलेली आहे. केवढी सुंदर गोष्ट ही!

आणि पूर्ण चित्रांचं? 2021 सालच्या एका अभ्यासात इमेजनेट या चित्रसंग्रहातल्या चित्रांची अंगभूत मिती 26 ते 43 निघाली. पिक्सेलांच्या संख्येपुढे ती फारच कमी, पण दोन-तीन नव्हे. तेव्हा वक्र गुळगुळीत व्हावा म्हणून कडा आधी धूसर करून टप्प्याटप्प्याने स्पष्ट कराव्यात, मोजणी तुकड्यातुकड्यांत करावी. आणि रस्त्याच्या चित्रांचा दोन मितींचा रंगीत नकाशा पुढे ठेवणाऱ्याने खरे शेजारी किती तुटले, खोटे किती जुळले, ते आकडेही त्याच नकाशाखाली छापावेत.