खुलानामा झाला, मुलांचं काय?

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खुलानाम्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जमातीच्या बैठकीत दोन्हीकडची माणसं बसली होती. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, सगळ्यांना घरी जायची घाई. मुलगी खुला मागत होती, नवरा अडून बसला होता. शेवटी तडजोड निघाली. तिने महेर सोडायचा आणि दोन्ही मुलांच्या खर्चासाठी पुढे कधी दावा करायचा नाही. कागद लिहिला, दुआ झाली, चहा झाला. मोठं भांडण मिटवलं या समाधानात आम्ही घरी गेलो. मुलं तेव्हा सहा आणि तीन वर्षांची होती. त्यांच्या वतीने बोलणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

गेल्या महिन्यात तीच मुलगी माझ्याकडे आली. "चाचा, त्या कागदाची झेरॉक्स मिळेल का?" बालसंगोपन योजनेचा अर्ज करायचा होता आणि नवऱ्यापासून वेगळी राहते याचा पुरावा मागितला होता. मूळ कागद जमातीच्या जुन्या सदरांच्या कपाटात होता. ते वारले, कपाट त्यांच्या मुलांनी आवरलं. बोलता बोलता ती म्हणाली, "पण चाचा, मुलांचा खर्च मागणार नाही असं मी लिहून दिलंय. मग सरकारकडे तरी मागता येईल का?"

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. आम्ही चार शहाण्या माणसांनी लिहिलेल्या एका ओळीमुळे ती तीन वर्षं गप्प बसली होती.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे. तो आईच्या मालकीचा नाही, म्हणून तिने सोडून दिला तरी कायद्यापुढे मुलांचा दावा संपत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, आता त्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे. धर्म कुठलाही असो, ऐपत असलेल्या बापाने अल्पवयीन मुलांना पोटगी द्यायचीच आहे. १९८५ च्या शाहबानो निकालानंतर आपल्याकडे बायकोच्या पोटगीवरून केवढं रान उठलं! पण १९९७ मध्ये नूर सबा खातून यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९८६ च्या मुस्लीम महिला कायद्यामुळे मुलांचा पोटगीचा हक्क जराही कमी होत नाही. त्या निकालाची आपल्याकडे कुणी चर्चाही केली नाही. मुलांसाठी मोर्चा कोण काढणार?

आणि शरियतचं म्हणाल, तर सूरह बकरा आणि सूरह तलाक दोन्हींत बापाची जबाबदारी सांगितली आहे. दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भारसुद्धा बापावर टाकला आहे. ज्याची जशी ऐपत तसा खर्च करावा, असा तो हुकूम आहे. आपण बैठकीत मात्र हाच खर्च सौद्यात घालतो.

दुसरी गोष्ट सरकारी मदतीची. बाप मजूर असेल, आजारी असेल, बेपत्ता असेल तर कोर्टाच्या हुकुमाने पोट भरत नाही. त्यासाठीच महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. घटस्फोट, विभक्त होणं, सोडून जाणं किंवा मृत्यू, यांतल्या कुठल्याही कारणाने एकाच पालकाकडे असलेल्या अठरा वर्षांखालच्या गरजू मुलांना ती लागू होते. २०२३ मध्ये रक्कम अकराशेवरून २,२५० रुपये झाली, दरमहा, प्रत्येक मुलामागे. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते. मूल बापाजवळ राहत असेल तर बापही अर्ज करू शकतो. निराधार आईसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी योजना आहे, तिचे महिना दीड हजार. ही खैरात नाही आणि जकातही नाही. हक्काचा पैसा मागायला लाज कसली?

अडतं ते कागदावर. आपल्यातले कितीतरी संसार कागदाशिवाय मोडतात. कुणी तोंडी तलाक देऊन मोकळा होतो, कुणी नुसताच दुसऱ्या गावी निघून जातो. बाई माहेरी येते, पण रेशन कार्डावर मुलं सासरीच राहतात. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य मिळतं. म्हणजे दोन मुलांचं दहा किलो धान्य बापाच्या घरात उतरतं आणि मुलं आजोळी जेवतात. बाई नाव कमी करायला गेली की तिला नवऱ्याची संमती आणायला सांगतात. जो माणूस फोन उचलत नाही, त्याची संमती ती कुठून आणणार?

इथे सरकारलाही विचारायला हवं. २०१९ मध्ये तिहेरी तलाकचा कायदा मोठ्या गाजावाजाने आणला. त्याच्या पाचव्या कलमात बायको आणि मुलांच्या निर्वाहभत्त्याची तरतूद आहे, पण बोलबाला झाला तो नवऱ्याच्या तुरुंगवासाचा. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीने तर खुला घेतला, तिला त्या कलमाचा उपयोगच नाही. मुस्लीम बाईची खरंच काळजी असेल तर सोपा नियम करा. मूल ज्याच्याजवळ राहतं आणि ज्याच्या घरून शाळेत जातं, त्याच्याच हाती मुलाचा लाभ द्या. शाळेचा दाखला आणि अंगणवाडी सेविकेची चौकशी एवढ्यावर हे ठरू शकतं.

पण सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हातातलं करू. निकाहची नोंद आपण रजिस्टरात ठेवतो, तशीच तलाक आणि खुल्याचीही ठेवावी. दोन्ही पक्षांना सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी द्यावी. मुलं कुणाकडे राहणार आणि बाप महिन्याला किती देणार, हे लिहिल्याशिवाय बैठक उठू नये. बाप रडून सांगेल, ऐपत नाही. तर ऐपतीप्रमाणे पाचशे लिहा, पण शून्य लिहू नका. आणि बाईला योजनेच्या अर्जाला सोबत म्हणून जमातीतला एक शिकलेला पोरगा द्या.

त्या मुलीसोबत मी स्वतः गेलो. साक्षीदार म्हणून प्रतिज्ञापत्र करून दिलं, अर्ज दाखल झाला, अजून मंजुरी यायची आहे. मुलांच्या खर्चासाठी कोर्टात जायचं की नाही, हे ती ठरवेल. तिने लिहून दिलेली ओळ तिच्या वाटेत येत नाही, एवढं मी तिला सांगितलं. हे मी तीन वर्षांपूर्वी त्या बैठकीत सांगायला हवं होतं.

यापुढे मुलांचा खर्च माफ करणारी ओळ ज्या कागदावर असेल, त्यावर माझी सही मिळणार नाही. तुम्हीही देऊ नका.