दिवा माझा, आज्ञा त्यांची

मंडळी, "लिनक्सवर साधा कीबोर्डचा दिवा लागत नाही," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, यात लिनक्सचा काय दोष?

ड्रायव्हर असेल तर लिनक्सवर 'ब्राइटनेस' नावाच्या फाइलीत १ लिहा, दिवा लागतो. ० लिहा, विझतो. इतकं सोपं! अडतं ते त्या ड्रायव्हरपाशी. बऱ्याच लॅपटॉपांत हा दिवा एका छोट्या कंट्रोलर चिपच्या ताब्यात असतो. तिला नेमकी कोणती आज्ञा द्यायची, हे कंपनीलाच ठाऊक. विंडोजसाठी कंपनी ड्रायव्हर देते. इतरांनी विचारलं की कित्येक जणी मिठाची गुळणी धरून बसतात. मग हौशी मंडळी फर्मवेअर उसवून ती आज्ञा शोधतात. थिंकपॅडचा ड्रायव्हर सुरुवातीला असाच उभा राहिला.

म्हणे, व्यावसायिक गुपित. दिवा लावण्यात कसलं आलंय डोंबलाचं गुपित?

दिवा क्षुल्लक आहे, कबूल. पण पैसे मोजून घेतलेली वस्तू कशी चालते, हे विचारायचा हक्क क्षुल्लक नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ न चालणारे धडधाकट लॅपटॉप घरोघरी आहेत. ते भंगारात जाणार की लिनक्सवर आणखी चार वर्षं चालणार, हे अशा दडवलेल्या आज्ञांवरही ठरतं. आज दिवा, उद्या वाय-फाय.

तेव्हा काका, मावशी, पुढचा लॅपटॉप घेताना एवढं विचाराच, "लिनक्सवर सगळं चालतं ना?" दुकानदार डोकं खाजवेल. खाजवू दे. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की प्रश्न वरपर्यंत पोचेल.