तक्त्यातला वेग आणि कामगाराचा हात

‘सी जुनी झाली, आता रस्ट शिका’, असं मला सारखं कुणीतरी ऐकवतं. सोबत तक्ता असतो: कोणत्या भाषेतला प्रोग्राम किती वेगानं धावला. यंत्रांचे कंट्रोलर लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून स्पष्ट सांगतो. रिअल टाइम कामासाठी हा तक्ता कुचकामी आहे.

तो सरासरी सांगतो. मोटारीची एअरबॅग सरासरीनं वेळेवर उघडून भागत नाही. हजारदा उघडली आणि एकदा उशीर झाला, तर आत बसलेल्या माणसाला त्या सरासरीचा काय उपयोग? म्हणून भाषेला विचारायचं ते एवढंच: जास्तीत जास्त उशीर किती? जावा किंवा गोमधला गार्बेज कलेक्टर मध्येच काम थांबवू शकतो. सी आणि रस्टमध्ये ती भानगड नाही. मेमरीच्या पुष्कळ चुका रस्ट कंपाइल करतानाच पकडते, सी निमूट जाऊ देते. इथवर मला सगळं मान्य.

पण भाषेचे भक्त पुढे म्हणतात, ‘भाषा सुरक्षित, म्हणून यंत्र सुरक्षित.’ इथेच माझं भांडण आहे.

४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं. त्याचा सदोष प्रोग्राम एडा या कडक शिस्तीच्या भाषेत होता. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही. असा प्रसंग हाताळणारा कोड प्रोसेसरवरचा भार कमी राहावा म्हणून त्या ठिकाणी मुद्दाम घातला नव्हता. प्रोग्राम एरियन ४ मधून उचललेला; राखीव संगणकातही तोच, म्हणून दोन्ही बंद पडले.

१९९७ साली मंगळावरचं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. कमी महत्त्वाच्या कामानं कुलूप अडवलं, मधल्या कामांनी त्याला पुढे सरकू दिलं नाही, आणि सगळ्यात तातडीचं काम ताटकळलं. रस्टही हे आपोआप टाळत नाही. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये बंद ठेवलेला एक पर्याय पृथ्वीवरून चालू केला आणि यान सुरळीत झालं. भाषा तीच राहिली.

भाषा जरूर बदला, मीही बदलेन. पण माझ्या यंत्रासमोर कामगार उभा असतो, त्याचा हात प्रेसखाली जातो. भाषेचं नाव सांगून त्याला उत्तर देता येणार नाही. जास्तीत जास्त उशीर कुणी मोजला, कुठली तपासणी कुणी गाळली, हे आधी सांगा. मग तक्ता दाखवा.