मागे पाहण्याची मर्यादा

वसईच्या किनाऱ्यावरील एकाच गावाचे नाव कुणी ‘पाचूबंदर’ लिहितो, कुणी ‘पाचू बंदर’. संहितेत या गावाखेरीजचे ‘बंदर’ शोधायचे, तर रेग्युलर एक्स्प्रेशनमधील ‘लुकबिहाइंड’ आठवते: आधी ‘पाचू’ नसावा, मधली मोकळी जागा कितीही असो. पायथॉनचे नेहमीचे ‘री’ मोड्यूल ही अट नाकारते. मागे नेमकी किती चिन्हे पाहायची, हे त्याला आधीच ठाऊक हवे. डॉटनेटला हे बंधन नाही. मराठीत तर ‘मागचे एक अक्षर’ हेही निश्चित माप नव्हे: युनिकोडमध्ये ‘र’ एक चिन्ह, ‘चू’ दोन, ‘क्षा’ चार. म्हणून यंत्राच्या सोयीसाठी लेखनभेद पुसण्याचा मोह होतो. तो अभ्यासकाने आवरावा. लिहिणाऱ्याची सवय त्या भेदांतच उरलेली असते. आधी सगळी ‘बंदरे’ शोधावीत, मग ‘पाचू’सह आलेली वगळावीत. प्रश्न बदलावा, संहिता नव्हे.