रजेवरचा कैदी आणि तालुक्याचा उंबरठा

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखादा माणूस दीर्घ मुदतीची शिक्षा भोगण्यासाठी येरवडा मध्यवर्ती कारागृहात दाखल होतो, तेव्हा त्याच्या जेवणखाणाची, कामाची आणि पहाऱ्याची चिंता वाहण्यास शासनाची सारी यंत्रणा सज्ज असते. तोच माणूस काही वर्षांनी थोड्या आठवड्यांच्या रजेवर नगर रस्त्याने एसटीतून शिरूरला किंवा रेल्वेने दौंडला उतरतो, तेव्हा त्याची दखल घेणारी एकच सरकारी वस्तू उरते. ती म्हणजे पोलीस ठाण्यातील हजेरीची वही. कैद्याचे समाजात परतणे ही केवळ नोंदीची बाब आहे की पुनर्वसनाची, हा प्रश्न या वहीतून सुटत नाही.

आपल्याकडील ‘पॅरोल’ पाश्चात्य देशांतील पॅरोलहून निराळा आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तिकडे शिक्षेचा उर्वरित काळ देखरेखीखाली तुरुंगाबाहेर घालविण्यास पॅरोल म्हणतात. महाराष्ट्रात 1959 च्या नियमांनुसार कैद्याला दोन प्रकारच्या रजा मिळतात. ‘फर्लो’ म्हणजे संचित रजा ठराविक शिक्षा भोगल्यावर मिळते आणि तिचे दिवस शिक्षेतच धरले जातात. ‘पॅरोल’ म्हणजे अभिवचन रजा घरातील मृत्यू, गंभीर आजार, विवाह अशा कारणांसाठी असते. तिचे दिवस मात्र पुढे तुरुंगात भरून द्यावे लागतात. कौटुंबिक अडचणी सोडविणे आणि समाजाशी असलेला धागा तुटू न देणे, हा या रजांचा हेतू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली अश्फाक विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात स्पष्ट केले आहे. तेव्हा रजा ही कैद्यावर केलेली मेहेरबानी नव्हे. ती अंतिम सुटकेची रंगीत तालीम होय.

परंतु ही तालीम पार पडावी कशी? नियमांनुसार कैद्याला ठेवून घेण्यास आणि त्याचा जामीन राहण्यास तयार असलेला नातेवाईक लागतो. ज्याचे आईबाप निवर्तले, पत्नी माहेरी गेली आणि भावांनी नाव टाकले, त्याच्यापुढे पहिलाच अडथळा उभा राहतो. म्हणजे ज्याचा समाजाशी धागा सर्वांत क्षीण, त्यालाच तो जोडण्याची संधी सर्वांत कमी, असा हा उफराटा न्याय आहे. त्यानंतर येतो स्थानिक पोलिसांचा अहवाल. गावात तंटा वाढेल, असा अभिप्राय देणे अंमलदाराच्या दृष्टीने सुरक्षित असते. कारण रजा नाकारल्याने काही बिघडले, तर त्याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही.

रजा मिळालीच, तरी घरी गेल्यावर कैद्याला अनेक लहानमोठ्या गाठी सोडवाव्या लागतात. शिधापत्रिकेवरून नाव गेलेले असते, बँकेचे खाते निष्क्रिय झालेले असते, सातबाऱ्यावरील वाटणी अर्धवट राहिलेली असते. शिरूर तालुक्यात रांजणगाव आणि दौंड तालुक्यात कुरकुंभ अशा दोन मोठ्या औद्योगिक वसाहती आहेत. तेथील ठेकेदार कामावर घेण्यापूर्वी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागू लागला, तर तुरुंगात सुतारकाम किंवा विणकाम शिकलेल्या माणसाने कोणाच्या शिफारशीवर उभे राहावे? या गाठी सुटकेपूर्वीच्या रजांमध्ये सुटल्या नाहीत, तर सुटकेच्या दिवशी त्या सर्व एकदम आ वासून पुढे ठाकतात.

असे साहाय्य करणारा अधिकारी आपल्या कायद्याला अपरिचित आहे असे नाही. इंग्लंडमध्ये 1907 साली परिविक्षेचा कायदा झाला, मुंबई प्रांताने 1938 साली स्वतःचा कायदा केला आणि 1958 साली केंद्राचा कायदा आला. परिविक्षा अधिकारी हे पद त्यातूनच निर्माण झाले. मात्र या कायद्याची दृष्टी मुख्यतः तुरुंगाऐवजी बंधपत्रावर सोडलेल्या गुन्हेगारावर आहे. रजेवर आलेला कैदी तिच्या कक्षेबाहेर राहतो. शिवाय जिल्ह्याचे परिविक्षा कार्यालय पुण्यात. ज्याने आपल्या ठाण्याची हजेरी चुकवता कामा नये, त्याने त्यासाठी पुण्याचे हेलपाटे घालावेत, ही अपेक्षाच व्यवहाराला सोडून आहे.

कैद्यांचे एवढे लाड कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो झटकून टाकण्याजोगा नाही. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, ते कुटुंब बहुधा त्याच गावात राहत असते आणि रजेची वार्ता ऐकून त्याच्या पोटात गोळा येतो. 2020 च्या करोनाकाळात आकस्मिक रजेवर सोडलेल्यांपैकी काही कैदी परतले नाहीत आणि पोलिसांना त्यांचा माग काढावा लागला, हेही खरे. पण या दोन्ही गोष्टी स्थानिक व्यवस्थेची निकड अधिकच सिद्ध करतात. पीडित कुटुंबाला आधी कळविणे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे, गरज पडल्यास कैद्याची राहण्याची सोय दुसऱ्या गावी करणे, ही कामे हजेरीच्या वहीने होत नाहीत; त्यासाठी माणूस लागतो.

महाराष्ट्राला विश्वासाचा हा प्रयोग नवा नाही. औंध संस्थानात 1939 साली, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत, मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत उभी राहिली. पुढे 1957 साली ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटाने ती कल्पना देशभर नेली. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या श्रीगोंदा तालुक्यात विसापूरचे खुले कारागृह आहे. भिंतीवाचून कैदी राहू शकतो हे शेजारीच दिसत असताना, तो गावात कसा राहील याची व्यवस्था तेवढी व्हावयाची आहे.

तिला मोठा खर्च लागेल असेही नाही. तालुका न्यायालयांत विधी सेवा समित्या आहेत. परिविक्षा अधिकाऱ्याने आठवड्यातील एक ठरलेला दिवस शिरूरला आणि एक दौंडला समितीच्या कार्यालयात बसावे. रजेच्या अर्जावर पोलिसांच्या अहवालासोबत त्याचाही गृहचौकशी अहवाल मागवावा. निराधार कैद्यासाठी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचा जामीन स्वीकारला जाईल, अशी दुरुस्ती नियमांत व्हावी. जन्मठेपेचे कैदीही बहुधा एक ना एक दिवस सुटतात आणि आपल्याच गावी येतात. त्यांनी शेजारी म्हणून यावे की परके म्हणून, हे ठरविण्याची वेळ सुटकेच्या दिवशी येत नाही. ती पहिल्या रजेलाच आलेली असते.