मूर्तीला ५ टक्के, खुर्चीला १८ टक्के: हाताने घडवलेल्या लाकडावर दोन वेगळे जीएसटी का?

एकच सागवानी ओंडका आहे. त्यातून सोलापुरातल्या कारागिराने मूर्ती कोरली, तर तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याच ओंडक्यातून त्याच हातांनी खुर्ची घडवली, तर १८ टक्के. लाकूड, माणूस आणि पटाशी तीच असताना कर मात्र तिपटीहून जास्त.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यानंतर हा फरक आणखी ठळक झाला आहे.

नेमकं काय बदललं?

नव्या रचनेत १२ टक्क्यांचा टप्पा जवळपास संपला. त्या टप्प्यातल्या बऱ्याच हस्तकला वस्तू ५ टक्क्यांवर आल्या. लाकडी मूर्ती, शोभेच्या लाकडी वस्तू, लाकडी फ्रेम आणि मूळ शिल्पं हे सगळं त्यात आलं. बांबू, वेत आणि रॅटनचं फर्निचरही १२ वरून ५ टक्क्यांवर आलं.

लाकडी फर्निचर मात्र होतं तिथेच राहिलं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा त्यावर २८ टक्के कर होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो १८ टक्के झाला, आणि आजही तेवढाच आहे. कारखान्यातल्या प्लायवूडच्या कपाटाला जो दर, तोच रंधा मारून, लाकडात लाकूड बसवून केलेल्या टेबलाला.

खुर्ची 'हस्तकला' का नाही?

२०१८ मध्ये सरकारने जीएसटीसाठी हस्तकलेची व्याख्या केली. त्यानुसार वस्तू प्रामुख्याने हाताने बनलेली हवी. अवजारं किंवा यंत्रं थोडीफार वापरली तरी चालतात. पण तिच्यावर नक्षी, जडावकाम किंवा तशा प्रकारचं ठळक काम हवं, आणि यंत्राने बनलेल्या तशाच उपयोगाच्या वस्तूपेक्षा ती स्पष्टपणे वेगळी दिसायला हवी.

इथे दोन अडचणी येतात.

पहिली, सवलत फक्त यादीतल्या वस्तूंना मिळते. त्या यादीत फर्निचर आहे, पण बांबू, वेत आणि रॅटनचं. लाकडाचं नाही.

दुसरी अडचण आजच्या डिझाइनची. हल्लीचं हाताने केलेलं फर्निचर बहुतेक साधं असतं. सरळ रेषा, लाकडाची नैसर्गिक रेघ आणि खिळ्याशिवाय बसवलेले सांधे हीच त्याची कारागिरी. पण ती नक्षीसारखी वरून दिसत नाही. त्यामुळे उद्या लाकडी फर्निचर यादीत आलं, तरी साधी खुर्ची या व्याख्येत बसेल का, हा प्रश्न उरतोच.

पैशांत किती फरक पडतो?

समजा, टेबल-खुर्च्यांच्या सेटची किंमत ६०,००० रुपये आहे. १८ टक्क्यांनी ग्राहकाला ७०,८०० रुपये द्यावे लागतात. तेवढ्याच किमतीचं शिल्प ६३,००० रुपयांना पडतं. फरक ७,८०० रुपयांचा.

लाकूड, पॉलिश, बिजागऱ्या यांवर भरलेला कर कारागिराला वजा करून मिळतो. पण हाताने केलेल्या वस्तूत मोठा वाटा मजुरीचा असतो, आणि मजुरीवर वजा करायला काही नसतं. वस्तू घरासाठी घेणाऱ्या ग्राहकालाही हा कर परत मिळत नाही. म्हणजे जितके तास जास्त, तितकी किंमत जास्त आणि तितका करही जास्त.

छोट्या कारागिराला तर जीएसटी लागतच नाही ना?

बरोबर. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. पण सोलापूर हा सीमेवरचा जिल्हा आहे. इथून विजयपूर आणि कलबुर्गी पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहेत, आणि हैदराबादला जाणारा महामार्ग शहरातूनच निघतो.

दुसऱ्या राज्यात माल पाठवायचा तर साधारणपणे पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. त्यातून सूट आहे ती ठराविक हस्तकलांनाच. १ टक्का कर भरण्याची 'कंपोझिशन' योजना घेतली, तर परराज्यात माल विकता येत नाही. थोडक्यात, २५० किलोमीटरवरच्या पुण्याला टेबल पाठवणं सोपं आणि १०० किलोमीटरवरच्या विजयपूरला पाठवणं किचकट.

सरकारची अडचण काय?

जीएसटीचा दर वस्तू पाहून ठरतो, ती कुणी आणि कशी बनवली ते पाहून नाही. पॉलिश झालेल्या खुर्चीकडे बघून ती हाताने केली की मशीनवर, हे ओळखणं कर अधिकाऱ्याला कठीण. सवलत दिली तर कारखान्याचा मालही 'हँडमेड' म्हणून खपवला जाण्याची भीती आहे.

पण कारागीर कोण, हे सरकारला अजिबात कळत नाही असंही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सुतारही आहे आणि मूर्तिकारही. दोघांना १५,००० रुपयांची अवजारं, प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांचं कर्ज. नोंदणी, ओळखपत्र, कौशल्याची तपासणी, सगळं होतं.

म्हणजे कर्ज देताना सुतार आणि मूर्तिकार एकाच रांगेत, आणि माल विकताना मात्र १३ टक्क्यांच्या अंतरावर. विश्वकर्मा ओळखपत्र असलेल्या सुताराच्या फर्निचरला हस्तकलेचा दर देता येईल का, यावर जीएसटी परिषदेने विचार करायला हरकत नाही. तोवर सोलापूरच्या सुताराला मूर्ती कोरणं परवडेल, खुर्ची घडवणं महागच पडेल.