कातडीचा रंग आणि व्यायामशाळेचा दर

माणसाला पोहण्यास पाणी, धावण्यास मैदान आणि व्यायामास जागा मिळावी, ही श्रीमंतांची चैन आहे की नागरिकाचा हक्क आहे? अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजापुढे आज हा प्रश्न उभा आहे. तेथे ‘बुटिक फिटनेस’ या नावाने एक धंदा बोकाळला आहे. लहानशी सजविलेली जागा, निवडक गिऱ्हाईक, एकच ठराविक व्यायाम आणि त्याचे भारी मोल, असे त्याचे स्वरूप. 2006 साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या सोलसायकल कंपनीने जागच्या जागी चालविण्याच्या सायकलींचे वर्ग सुरू केले. अशा पाऊण तासाच्या एका वर्गाला 30 डॉलरहून अधिक पडतात. संघराज्याच्या कायद्याने ठरविलेले किमान वेतन मात्र 2009 पासून ताशी 7.25 डॉलर एवढेच आहे. म्हणजे त्या वेतनावर राबणाऱ्या मजुराने चार तासांहून अधिक घाम गाळावा, तेव्हा कोठे त्याला पाऊण तास घाम गाळण्याची परवानगी मिळावी!

या धंद्याचे कैवारी म्हणतात, “आमच्या दारावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी कोठे आहे? पैसे मोजा आणि खुशाल आत या.” हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, पण इतिहासापुढे तो क्षणभरही टिकत नाही.

अलाबामा राज्यातील मॉंटगोमेरी शहरात सार्वजनिक उद्याने वर्णभेदाविना खुली व्हावीत म्हणून कृष्णवर्णीय नागरिक न्यायालयात गेले. नगरपालिकेने काय केले? 1959 च्या आरंभी तिने सर्वच उद्यानांना टाळे ठोकले. 1965 साली उद्याने उघडली, परंतु पोहण्याचे तलाव उघडले नाहीत. काळ्या देहाच्या स्पर्शाने पाणी बाटते, ही समजूत त्यामागे होती. विटाळ म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना शिकवावयास नको. मध्यंतरीच्या काळात 1958 सालच्या एका करारान्वये शहरातील क्रीडा व करमणुकीचे पुष्कळसे काम वायएमसीए या खासगी संस्थेच्या हाती गेले होते आणि तिचे तलाव गोऱ्यांसाठी राखीव होते. 1970 साली न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी हा बनाव उघडा पाडला आणि भेदभाव थांबविण्याचा हुकूम दिला. परंतु मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने आपले तलाव बंद केले, तेव्हा 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्या कृत्याला मान्यता दिली. सर्वांना द्यावे लागते म्हणून कोणालाच द्यावयाचे नाही आणि मग ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांनी ते खासगी आवारात विकत घ्यावयाचे, ही त्या काळची रीत होती.

वर्गणीचा उपयोग कुंपणासारखा कसा होतो, याचाही पुरावा आहे. आर्कान्सा राज्यात लिटल रॉकनजीक लेक निक्सन नावाचे एक क्रीडास्थळ होते. 1964 च्या नागरी हक्क कायद्यातून खासगी क्लब वगळलेले असल्यामुळे मालकांनी 25 सेंटची सभासद-वर्गणी लावून त्याला ‘क्लब’ म्हणण्यास सुरुवात केली. येईल त्या गोऱ्याला सभासदत्व मिळे. कृष्णवर्णीयाला मात्र नकार. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने हे ढोंग फेटाळले. तेथे वर्गणी नाममात्र होती, म्हणून लबाडी पकडली गेली. आजची वर्गणी खरीखुरी आणि जबर आहे. म्हणून कोणाचाही कायदेभंग न होता तेच काम निर्वेध चालते!

“मग हा प्रश्न गरिबीचा आहे, वर्णाचा नव्हे,” असे कोणी म्हणेल. परंतु गरिबी वाटली कोणी? 1930 च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगविल्या आणि त्या कर्जास धोक्याच्या ठरविल्या. घरांच्या व्यवहारातील भेदभावाला कायद्याने बंदी झाली ती 1968 साली. त्याचे फळ आजही दिसते. 2022 च्या सरकारी पाहणीप्रमाणे मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे 2,85,000 डॉलर, तर मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 44,900 डॉलर होती. व्यायामाचा धंदा दुकान मांडतो तो जेथे पैसा आहे तेथे. दर आणि पत्ता या दोहोंनी मिळून जुन्या पाटीचे काम पुरे केले आहे.

याची किंमत देहाने मोजावी लागते. अमेरिकेतील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना उच्च रक्तदाबाचा विकार आहे. 1999 ते 2010 या काळात 5 ते 19 वर्षे वयाची कृष्णवर्णीय मुले पोहण्याच्या तलावांत गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट प्रमाणात बुडून मेली. ज्यांच्या आजोबांना पाण्यात उतरू दिले नाही, त्यांच्या नातवांना पोहणे कोणी शिकवावे?

2020 साली जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून बळी गेला, तेव्हा हा धंदाही हादरला. वर्णद्वेष हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असे एका संशोधन संस्थेने म्हणताच क्रॉसफिटचे संस्थापक ग्रेग ग्लासमन यांनी त्या मृत्यूवरून कुचेष्टा केली. रीबॉकने संबंध तोडले आणि काही दिवसांतच ग्लासमन यांना पद सोडावे लागले. पेलोटन कंपनीने वर्णभेदाविरुद्धच्या कार्यासाठी चार वर्षांत 10 कोटी डॉलर खर्चण्याची घोषणा केली. पण 2022 च्या फेब्रुवारीत, धंदा मंदावताच, याच कंपनीने सुमारे 2,800 नोकरांना कामावरून काढण्याचे जाहीर केले. व्यापाऱ्याची उदारता विक्रीच्या भरतीओहोटीने हलते. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क कोणाच्या मर्जीवर नसतो.

कृष्णवर्णीय स्त्रिया हात बांधून बसलेल्या नाहीत. मॉर्गन डिक्सन व व्हनेसा गॅरिसन यांनी उभारलेल्या गर्लट्रेक या चळवळीने असंख्य स्त्रियांना आरोग्यासाठी रस्त्यावर चालण्यास प्रवृत्त केले. हा स्वावलंबनाचा मार्ग गौरवास्पद आहे. तथापि पीडितांनी स्वतःची वाट काढली म्हणून ती अडविणाऱ्यांची जबाबदारी संपत नाही. मिटलेले तलाव आणि मोडकळीस आलेली मैदाने सरकारी पैशाने पुन्हा उभी राहिली पाहिजेत. या धंद्यानेही शिक्षकाच्या आणि व्यवस्थापकाच्या जागा कृष्णवर्णीयांना दिल्या पाहिजेत, त्यांच्या वस्तीत शाखा काढल्या पाहिजेत आणि मिळकतीच्या मानाने दर ठेवले पाहिजेत. कायद्याने पाटी उतरविली, हे मोठे काम झाले. परंतु जोपर्यंत दर पाटीची जागा चालवीत आहे, तोपर्यंत दार उघडे आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.